‘वसमत’ चालते, ‘लातूर’ अडते : अक्षर ओळखणाऱ्या फंक्शनांविषयी

मांजराकाठ

नमस्कार. उदगीरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी मी पायथनमध्ये पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद) तयार करणारी छोटी प्रणाली लिहीत आहे. शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, माल, कट्टे, वजन आणि भाव एवढी माहिती मुनीम भरतात, हमाली आणि तोलाईचा हिशोब होतो आणि पट्टी छापली जाते. मुनीम सर्व नोंदी मराठीत करतात, आकडेही मराठीत लिहितात, आणि ही सवय त्यांनी बदलावी असे मला मुळीच वाटत नाही.

नावाच्या रकान्यात चुकून आकडा किंवा एखादे भलतेच चिन्ह पडू नये म्हणून मी पायथनचे ‘इजअल्फा’ हे फंक्शन वापरले. (फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे.) दिलेल्या मजकुरातील प्रत्येक चिन्ह अक्षर असेल तर ते ‘ट्रू’ सांगते, नाहीतर ‘फॉल्स’, असे मी त्याबद्दल वाचले होते. घरी तपासताना मी ‘मदन’, ‘कमल’, ‘वसमत’ अशी पटकन टाईप होणारी नावे घेतली आणि सर्व काही व्यवस्थित चालले. दुकानात पहिल्याच दिवशी मुनिमांनी ‘बालाजी’ लिहिले आणि प्रणालीने ते नाकारले. त्यानंतर ‘लातूर’, ‘निलंगा’, ‘देवणी’ हेही नाकारले गेले आणि मोंढा भरलेला असताना ती पट्टी शेवटी हाताने लिहावी लागली.

रात्री घरी येऊन मी मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांच्या सर्व ७६ तालुक्यांची नावे एका यादीत घातली आणि प्रत्येक नावावर ‘इजअल्फा’ चालवून पाहिले. त्या ७६ नावांपैकी फक्त एकच नाव मान्य झाले, आणि ते वसमत. कळंब अडते, कन्नड अडते, बीड अडते. हा पायथनमधील दोष आहे, की माझ्याच समजुतीत चूक आहे? आणि अशा ठिकाणी नेमके काय वापरावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बालाघाट

आपण ७६ नावांची यादी चालवून पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या यादीतच दडलेले आहे. वसमत हे त्यातील एकमेव नाव असे आहे की ज्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा जोडाक्षर यांपैकी काहीही नाही. व, स, म, त अशी चार सुटी व्यंजने, बस्स. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवतो आणि या विषयावर दरवर्षी किमान एक तास खर्च करतो, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक म्हणजे संकेतांक देते आणि त्यासोबत एक ‘सर्वसाधारण वर्ग’ही देते. असे एकूण ३० वर्ग आहेत. अक्षरांचे वर्ग पाच : मोठ्या लिपीतील, लहान लिपीतील, शीर्षकातील, अक्षरासारखे वापरले जाणारे चिन्ह, आणि ‘इतर अक्षर’. आपले ‘अ’ ते ‘ह’ सर्व या शेवटच्या ‘इतर अक्षर’ वर्गात येतात, कारण देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. याशिवाय ‘खूण’ नावाचा एक वेगळा समूह आहे, ज्यातील वर्गांची संक्षिप्त नावे ‘एम’पासून सुरू होतात; अक्षरांच्या वर्गांची ‘एल’पासून. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्ताचे चिन्ह हे सगळे या समूहात आहेत.

पायथनचे ‘इजअल्फा’ फक्त पहिल्या पाच वर्गांना अक्षर मानते. त्यामुळे ‘लातूर’ या शब्दाची फोड ते पुढीलप्रमाणे पाहते : ल (अक्षर), काना (खूण), त (अक्षर), दीर्घ उकार (खूण), र (अक्षर). पाचपैकी दोन चिन्हे अक्षर नाहीत, म्हणून उत्तर ‘फॉल्स’. पायथनच्या दस्तऐवजात हे पाच वर्ग नावानिशी लिहिलेले आहेत, तेव्हा याला दोष म्हणता येणार नाही. आपण विचारलेला प्रश्न होता ‘हा मराठी शब्द आहे का’, आणि फंक्शनने उत्तर दिले ‘यातील प्रत्येक संकेतांक अक्षरवर्गात आहे का’ या प्रश्नाचे.

ही रचना अशी का झाली, तेही सांगतो. या फंक्शनांचा उगम सी भाषेत आहे. १९८९ च्या सी मानकात ‘इजअल्फा’, ‘इजडिजिट’, ‘इजस्पेस’, ‘इजपंक्ट’ अशी मंडळी एकाच शीर्ष-फाइलमध्ये आहेत आणि मूळ ‘सी’ लोकेलमध्ये (म्हणजे भाषेनुसार ठरणाऱ्या मांडणीत) अक्षराची व्याख्या अशी आहे की जे मोठ्या लिपीत आहे किंवा लहान लिपीत आहे तेच अक्षर. ज्या लिपीत हा भेदच नाही तिला या व्याख्येत जागाच उरत नाही. त्यामागे १९६३ चा आस्की हा इंग्रजी चिन्हांचा संच होता, जो आज एकूण १२८ चिन्हांचा आहे. त्या १२८ चिन्हांत एकही जोडून लिहिली जाणारी खूण नसल्याने ‘एक चिन्ह म्हणजे एक अक्षर’ हे गृहीतक तिथे कधीच अडले नाही. पुढे १९९१ मध्ये युनिकोड आले, भारतीय लिप्यांसाठी त्याने आपल्याच इस्की मानकाचा आराखडा घेतला, वर्ग नव्याने ठरले, परंतु फंक्शनांची नावे जुनीच राहिली. नाव जुने आणि अर्थ नवा, यातून आपल्यासारख्यांची फसगत होते.

तेरणा

बालाघाट सर, आपले विवेचन स्पष्ट आहे, तरी एका मुद्द्यावर मला नम्रपणे मतभेद नोंदवायचा आहे. मी संगणकाची नव्हे, मराठीची अभ्यासक आहे आणि धाराशिव जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाची सूची मराठीत करण्याचे काम पाहते.

आपल्या व्याकरणात ‘वर्ण’ आणि ‘अक्षर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘की’ हे एक अक्षर आहे आणि त्यात क् हे व्यंजन आणि ई हा स्वर असे दोन वर्ण आहेत. शब्दाच्या आरंभी ‘ई’ असा लिहिला जाणारा स्वर आणि व्यंजनाला लागल्यावर वेलांटी म्हणून लिहिला जाणारा स्वर, हा एकच वर्ण आहे. युनिकोड मात्र पहिल्याला अक्षर म्हणते आणि दुसऱ्याला खूण. म्हणजे ‘आई’ हा शब्द आपल्या फंक्शनातून सुखरूप पार होतो आणि ‘ताई’ अडते. व्याकरणाच्या कोणत्याही कसोटीवर हा भेद टिकणारा नाही. ‘इतर अक्षर’ हा वर्ग मुळातच वर्णही नाही आणि अक्षरही नाही, तो केवळ लिहिण्यातील स्वतंत्र आकृती आहे. त्यामुळे दोष एकट्या फंक्शनाच्या नावात नसून वर्गांच्या आखणीतही आहे, असे माझे मत आहे.

बालाघाट

ताई, ‘आई’ आणि ‘ताई’चे उदाहरण मी पुढच्या वर्षी वर्गात वापरेन. आपला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. हे वर्ग व्याकरणासाठी आखलेलेच नाहीत. मजकूर पडद्यावर कसा मांडायचा, ओळ कुठे मोडायची, चिन्हाच्या आधी दुसरे चिन्ह हवे की नको, अशा कामांसाठी ते आखले आहेत.

याचा एक पुरावा असा की मात्रांमध्येही दोन पोटवर्ग आहेत. काना, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी, ओकार, औकार आणि विसर्ग यांना ‘जागा घेणारी खूण’ म्हटले आहे, कारण त्या अक्षराच्या बाजूला उभ्या राहतात. उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू आणि हलन्त यांना ‘जागा न घेणारी खूण’ म्हटले आहे, कारण त्या अक्षराच्या वर किंवा खाली बसतात. ‘की’मधील ईकार एका वर्गात आणि ‘के’मधील एकार दुसऱ्या वर्गात जातो. यात स्वराचा विचार नाही, फक्त जागेचा आहे.

तरीही हे वर्ग निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. एखादा शब्द मात्रेनेच सुरू झाला तर तो चुकीचा आहे हे ओळखायला ‘अक्षर’ आणि ‘खूण’ हा भेद फार उपयोगी पडतो, आणि मुनिमांचा हात चुकला की नेमके हेच होते.

मांजराकाठ

जागा न घेणाऱ्या खुणांविषयी वाचून मला माझीच दुसरी चूक सापडली, ती इथे सांगितलीच पाहिजे. शेतकऱ्याचे नाव शोधताना थोडा फरक चालावा म्हणून मी एका संकेतस्थळावरील ‘मजकुरातील खुणा काढून टाकणारे’ फंक्शन जसेच्या तसे घेतले होते. फ्रेंच किंवा स्पॅनिश शब्दांवरील स्वरचिन्हे काढण्यासाठी ते लिहिलेले होते. मजकुराची फोड करायची आणि जागा न घेणाऱ्या सर्व खुणा गाळायच्या, एवढेच ते करते. आज मी ते तालुक्यांच्या यादीवर चालवले. ‘लातूर’चे ‘लातर’ झाले, ‘केज’चे ‘कज’, ‘सेलू’चे ‘सल’, ‘भूम’चे ‘भम’ आणि ‘नांदेड’चे ‘नादड’. ‘जालना’, ‘बीड’ आणि ‘परभणी’ मात्र जसेच्या तसे राहिले, कारण त्यांतील सर्व खुणा जागा घेणाऱ्या आहेत. मी ते फंक्शन ‘परभणी’वरच तपासले होते, म्हणून इतके दिवस लक्षात आले नाही. आता ते काढून टाकले आहे.

दुधना

मी परतूरचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. दोन शंका आहेत. जावा आणि रस्ट या भाषांत हाच प्रकार आहे का? आणि मराठी आकड्यांचे काय होते?

बालाघाट

दोन्ही शंका योग्य आहेत. पहिलीचे उत्तर आधी देतो.

जावामध्ये ‘इजलेटर’ हे फंक्शन पायथनसारखेच वागते. परंतु २०११ मध्ये आलेल्या जावा ७ पासून तिथे ‘इजअल्फाबेटिक’ असे वेगळे फंक्शन आहे. युनिकोडमध्ये वर्गाशिवाय ‘वर्णमालेतील’ असा एक स्वतंत्र गुणधर्म आहे, आणि तो काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार या सर्वांना दिलेला आहे. रस्टचे ‘इज-अल्फाबेटिक’ हाच गुणधर्म पाहते. म्हणून त्या कसोटीवर लातूर, बीड, निलंगा, देवणी ही सर्व नावे मान्य होतात.

परंतु हलन्ताला आणि नुक्त्याला हा गुणधर्म नाही. त्यामुळे कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, आष्टी, पूर्णा, अर्धापूर, धर्माबाद ही जोडाक्षरांची नावे पुन्हा अडतात. पायथनच्या चाचणीत एक नाव सुटले होते, येथे बहुतेक सुटतात, आणि मला हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा वाटतो. पहिल्याच दिवशी सर्व नावे अडली तर चूक लगेच उघड होते. शंभर नावे नीट गेली आणि मग एखाद्या ‘कृष्णा’पाशी प्रणाली अडली, तर माणूस स्वतःच्या टाईप करण्यालाच दोष देत बसतो.

गो भाषेत ‘इजलेटर’ फक्त अक्षरवर्ग पाहते, आणि खुणांसाठी ‘इजमार्क’ असे वेगळे फंक्शन आहे. ही विभागणी मला प्रामाणिक वाटते. मात्र गोमधील चलांच्या नावांतही खुणांना परवानगी नाही, म्हणून तिथे ‘दर’ या नावाचे चल चालते आणि ‘भाव’ या नावाचे चालत नाही. पायथनमध्ये २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘भाव’ हे चल चालते, कारण नावे तपासताना तिथे खुणा मान्य करणारा वेगळा नियम आहे. एकाच पायथनमध्ये ‘लातूर’ला ‘इजअल्फा’ नाही म्हणते आणि ‘इजआयडेंटिफायर’ हो म्हणते, यावरून आपण कोणता प्रश्न विचारतो यावर किती अवलंबून आहे ते दिसते.

पायथनच्या अंगभूत रेगेक्सबद्दलही (मजकुरात ठरावीक नमुने शोधण्याच्या सोयीबद्दल) एक सूचना. तिथे ‘शब्दातील चिन्ह’ म्हणून जे संक्षिप्त रूप आहे, ते अक्षर, अंक आणि अधोरेषा एवढेच मानते. ते वापरून ‘लातूर’मधील शब्द शोधायला सांगितले तर ल, त आणि र असे तीन शब्द मिळतात. रेगेक्सविषयीच्या युनिकोडच्या तांत्रिक मानकात अशा जागी खुणाही धराव्यात असे स्पष्ट सांगितले आहे, आणि वेगळे बसवावे लागणारे ‘रेगेक्स’ नावाचे मॉड्यूल ते पाळते. मराठी मजकुरावर काम करायचे असेल तर तेच घ्यावे.

आकड्यांविषयी गोदातीर ताईंनी लिहावे अशी विनंती करतो. त्यांचा हात त्यात रोज असतो.

गोदातीर

धन्यवाद सर. मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या यंत्रणेसाठी सी भाषेत काम करते, त्यामुळे आकडा हा माझा रोजचा विषय आहे.

देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५. ही दहाही चिन्हे ‘दशमान अंक’ वर्गात आहेत. पायथन आणि जावा त्यांना अंक म्हणून ओळखतात आणि ‘४५’ या मजकुराचे पूर्णांकात रूपांतरही करतात. येथपर्यंत ठीक आहे. अडचण अशी की काही भाषांत ओळखणारे फंक्शन एक बोलते आणि रूपांतर करणारे दुसरे. सी-शार्पचे ‘इजडिजिट’ पाचाला अंक म्हणते, पण पूर्णांक करणारे फंक्शन तोच पाच नाकारते. गोमध्येही असेच आहे. रस्टमध्ये ‘इज-न्यूमेरिक’ हो म्हणते आणि त्याच चिन्हाची किंमत विचारली तर काहीच मिळत नाही. जावास्क्रिप्ट तर देवनागरी आकड्यांना संख्या मानतच नाही. म्हणून ‘अंक आहे’ हे उत्तर मिळाले म्हणजे ‘रूपांतर होईल’ असे समजू नये.

पायथनमध्ये तीन फंक्शने आहेत आणि त्यांतील फरक दुधना यांनी नीट समजून घ्यावा. ‘इजडेसिमल’ फक्त दशमान अंकांना हो म्हणते. ‘इजडिजिट’ त्याशिवाय संख्येचा वर्ग दाखवताना वर लिहिलेल्या छोट्या दोनलाही हो म्हणते, पण त्या छोट्या दोनचे पूर्णांकात रूपांतर करायला गेल्यास त्रुटी येते. ‘इजन्यूमेरिक’ त्याहून सैल आहे. अर्धा, पाव अशी एकत्र चिन्हेही त्यात येतात. आपल्या जुन्या वह्यांमध्ये पाव, अर्धा आणि पाऊण यांसाठी जी उभ्या रेघांची चिन्हे असत, ती २००९ पासून युनिकोडमध्ये आहेत आणि ‘इजन्यूमेरिक’ त्यांनाही संख्या मानते. पट्टीतील वजन तपासायचे तर मात्र ‘इजडेसिमल’ हेच योग्य.

मांजराकाठ दादा, उदगीर बिदरला लागून असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगते. पायथनचे पूर्णांक-रूपांतर कन्नड, तेलुगू, उर्दू, बंगाली अशा कोणत्याही लिपीतील दशमान अंक स्वीकारते, आणि एकाच संख्येत दोन लिप्या मिसळल्या तरी तक्रार करत नाही. बंगाली चार हा दिसायला इंग्रजी आठसारखा असतो. पडद्यावर आठ दिसते आणि हिशोबात चार धरला जातो. जिथे पैशाचा व्यवहार आहे तिथे सर्व अंक एकाच लिपीतील आहेत का, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

आता सीविषयी, कारण येथील चूक सर्वांत खोल दडते. सीचे ‘इजअल्फा’ पूर्णांक घेते आणि तो ० ते २५५ किंवा फाइल-समाप्तीची किंमत असायलाच हवा. दुसरे काहीही दिल्यास काय होईल याची हमी मानक देत नाही. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ‘ल’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७८ अशा तीन बाइटींनी लिहिले जाते. ज्या संगणकावर ‘कॅर’ हा एका बाइटीचा प्रकार चिन्हांकित (उणे किंमतही धरणारा) असतो तिथे पहिली बाइट उणे ३२ होते, आणि फंक्शन आतील तक्त्याच्या बाहेर जाऊन वाचते. आमच्या काट्यातील एआरएम प्रोसेसरवर ‘कॅर’ अचिन्हांकित असल्याने तो कोड सुरळीत चालत होता, आणि टेबलावरील संगणकावर तपासणी करताना तोच कोड कोसळत होता. आम्ही दोन दिवस तारा आणि जोडण्या तपासत राहिलो. लिनक्सवरील ग्लिबसी या सीच्या फंक्शन-संग्रहाने आपला तक्ता उणे १२८ पर्यंत मागे वाढवून ठेवला आहे, म्हणून तिथे ही चूक दिसतच नाही. उपाय साधा आहे : प्रत्येक वेळी किंमत ‘अनसाइन्ड कॅर’ करूनच फंक्शनला द्यावी.

पण हा उपाय केवळ कोसळणे थांबवतो, मराठी ओळखत नाही, कारण एक बाइट म्हणजे ‘ल’चा तिसरा हिस्सा आहे आणि तिसऱ्या हिश्श्याला अक्षर म्हणायचे की नाही, या प्रश्नाला अर्थच नाही. त्यासाठी १९९५ मध्ये मानकात आलेली ‘इजडब्ल्यू’ने सुरू होणारी विस्तृत फंक्शने आहेत. तिथेही सावध राहावे लागते. मानकानुसार ‘अंक’ म्हणजे फक्त इंग्रजी ० ते ९. मग ग्लिबसीच्या कर्त्यांनी इतर लिप्यांतील अंक ‘अक्षर’ वर्गात घातले, जेणेकरून ‘अक्षर किंवा अंक’ या चाचणीत तरी ते सुटावेत. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु परिणामी तिथे देवनागरी पाच हे ‘अक्षर’ ठरते. नावात आकडा नको म्हणून हीच चाचणी लावली, तर ‘रामराव५’ विनातक्रार पुढे जाईल.

तेरणा

गोदातीर ताईंनी जुन्या चिन्हांचा उल्लेख केला म्हणून विचारते. आमच्याकडे काही मोडी कागदपत्रांची सूची करायची आहे. मोडीलाही हेच नियम लागू होतात का?

बालाघाट

वर्ग तेच लागू होतात. मोडी २०१४ च्या सातव्या आवृत्तीत युनिकोडमध्ये आली आणि तिचे अंकही दशमान अंक वर्गात आहेत. फक्त तिचे क्रमांक ६५,५३५ च्या पलीकडे आहेत. जावामध्ये असे प्रत्येक चिन्ह दोन ‘कॅर’ मिळून बनते. एकेक ‘कॅर’ घेऊन ‘इजलेटर’ला विचारले तर मोडीतील एकही अक्षर अक्षर ठरणार नाही. पूर्ण संकेतांक घेणारे त्याच नावाचे रूप वापरावे. पायथनमध्ये ही अडचण नाही.

मांजराकाठ, आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या जागी मी पुढीलप्रमाणे करेन. प्रथम मजकूर ‘एनएफसी’ या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणावा. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडूनही लिहिता येते. एनएफसीमुळे दोन्ही एकच होतात. मग ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधून प्रत्येक चिन्हाचा वर्ग घ्यावा आणि त्या वर्गाच्या संक्षिप्त नावाचे पहिले आद्याक्षर ‘एल’ (अक्षर) किंवा ‘एम’ (खूण) असेल तर ते मान्य करावे. शब्दाचे पहिले चिन्ह मात्र ‘एल’च असले पाहिजे. त्याशिवाय मोकळी जागा, पूर्णविराम आणि जोडरेघ मान्य करावी, कारण ‘औंढा नागनाथ’ आणि ‘शिरूर अनंतपाळ’ ही नावेही आपल्याच मराठवाड्यातील आहेत.

गोदातीर

सर, यात शून्य-रुंदीचा जोडक (स्वतः न दिसणारे जोडचिन्ह) जोडावा लागेल. त्याचा क्रमांक ८२०५, आणि वर्ग ‘स्वरूपण’ म्हणजे सी-एफ. तो अक्षर नाही आणि खूणही नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव काही कळफलकांवर ‘ऱ’ घेऊन लिहिले जाते आणि काहींवर र, हलन्त आणि हा जोडक असे लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. आपला नियम एका कुऱ्हाड्यांना आत घेईल आणि दुसऱ्यांना दारात थांबवेल. एनएफसीने हे दोन प्रकार एक होत नाहीत.

तेरणा

‘ॲ’चेही असेच आहे. २००८ पासून त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, २४१८. त्याआधी, आणि अजूनही काही ठिकाणी, अ आणि त्यावर अर्धचंद्र असे दोन संकेतांक वापरले जातात. युनिकोडने या दोन प्रकारांना परस्परांशी समान मानलेले नाही, त्यामुळे कोणतेही प्रमाणित रूपांतर त्यांना एकत्र आणत नाही. आमच्या वाचनालयात ‘ॲड.’ने सुरू होणाऱ्या सभासदांची नावे सूचीत दोन वेगळ्या जागी गेली होती. त्यासाठी बदल स्वतःच लिहावा लागतो.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री बदल केले. एनएफसी, त्यानंतर अ आणि अर्धचंद्र यांचे ‘ॲ’, त्यानंतर र-हलन्त-जोडक यांचे ‘ऱ’ आणि हलन्त, त्यानंतर वर्गांची तपासणी, या क्रमाने. उरलेला जोडक मान्य ठेवला आहे, पण फक्त हलन्तानंतर आला असेल तरच. वजन आणि भाव यांसाठी ‘इजडेसिमल’ लावले आहे, आणि सर्व अंक देवनागरी किंवा सर्व इंग्रजी असतील तरच ती नोंद पुढे जाते. दशांश चिन्ह वेगळे काढून दोन्ही भाग तपासतो.

७६ तालुके आता सर्व मान्य होतात. ‘रामराव५’ अडते. वेलांटीने सुरू होणारा शब्द अडतो. जुन्या नोंदींवर हाच बदल चालवल्यावर एकाच शेतकऱ्याची दोन-दोन खाती असल्याची चार उदाहरणे सापडली. त्यांपैकी तीन ‘ऱ’मुळे होती आणि एक ‘ॲड.’मुळे. मुनिमांनी ती वहीशी ताडून एकत्र केली.

आता दर वेळी हा कोड बदलला की पूर्ण तालुका-यादी आपोआप तपासली जाईल अशी सोय केली आहे. त्या यादीत जोडाक्षरांची आणि दोन्ही प्रकारे टाईप केलेली नावे आणखी घालायची आहेत. आपल्याला माहीत असलेली अडणारी नावे कृपया येथे लिहावीत.

दुधना

‘ज्ञानोबा’, ‘श्रीकृष्ण’, ‘हृषीकेश’ आणि ‘ऋतुजा’ घ्यावीत. मी ही चारही नावे जावाच्या ‘इजअल्फाबेटिक’वर चालवून पाहिली, पहिली दोन अडली आणि शेवटची दोन सुटली.

तेरणा

‘दुःशासन’ घ्या, विसर्गासाठी. आणि ‘कुऱ्हाडे’ दोन्ही प्रकारे टाईप करून, शेजारी-शेजारी.